सर्दीच्या दिवसांतला गवती चहा: दूध फाटतं, तुळस कडू होते. नेमकं प्रमाण आणि क्रम काय?

कोथरूडकर
पुण्यात सध्या पहाटे १०-११ अंश आणि दुपारी ३०. सकाळी स्वेटर, दुपारी पंखा, आणि घरोघरी खोकला. आलं, गवती चहा, तुळस, मिरी, ज्येष्ठमध, गूळ हे सगळं एकत्र घालून १५ मिनिटं उकळलं की तीन गोष्टी बिघडतात. एक, कडसर चव येते. दोन, दूध घातलं की कधी फाटतं, कधी नाही. तीन, गाळूनही मिरी घशाला लागून ठसका बसतो.
२ कपांचं प्रमाण आणि काय कधी घालायचं ते कुणी नीट सांगेल का? घरात १० महिन्यांचं बाळ आहे आणि सासऱ्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, त्यांना यातलं काय चालेल? ऑफिसला थर्मासमधून नेला तर चव टिकते का?

खलबत्ता
सगळं एकत्र घालता तिथेच गाडी घसरते. आयुर्वेदात काढा वेगळा आणि फांट वेगळा. काढा म्हणजे उकळून आटवलेला, फांट म्हणजे गरम पाण्यात भिजवून गाळलेला. टणक, वाळलेल्या वस्तूंना काढा लागतो, पानांना फांट पुरतो. तुम्ही तुळशीचा काढा करताय, म्हणून ती कडू होतेय.

२ कपांसाठी (कप साधारण १५० मिलीचा) ४०० मिली पाणी घ्या. त्यात:
आलं १ इंच, खलबत्त्यात ठेचून
मिरी ४ दाणे, फक्त फोडून
ज्येष्ठमध १ इंचाची कांडी, चेचून
लवंग १, दुसरी नको

पाणी थंड असतानाच हे घाला. उकळी आली की आच बारीक करून, अर्धवट झाकण ठेवून ७-८ मिनिटं. मग गवती चहाची ४-५ लांब पाती धुऊन, त्यांची गाठ मारून सोडा, २ मिनिटंच उकळा. आता गॅस बंद. तुळशीची ८-१० पानं हाताने चुरडून घाला, घट्ट झाकण लावा आणि ५ मिनिटं हात लावू नका. झाकण काढताना त्याच्या आतल्या बाजूला थेंब जमलेले दिसतील, ते ओट्यावर निथळू न देता परत भांड्यातच पाडा. गवती चहाचा आणि तुळशीचा वास उडून जाणाऱ्या तेलांत असतो आणि ती तेलं त्या थेंबांत उतरलेली असतात. घरभर घमघमाट सुटला तर तेवढा माल कपातून गेला असं समजा.

मिरीचं उत्तर सोपं आहे. मिक्सरमधली बारीक पूड गाळणीतून खाली उतरते आणि तीच घशात टोचते. दाणा दोन-तीन तुकड्यांत फोडला की तिखटपणा उतरतो आणि चोथा वर राहतो. पूडच वापरायची असेल तर सुती फडक्यातून गाळा.

दुधाचाचहा
वरचं सगळं मान्य, पण दुधाशिवाय घशाखाली उतरत नाही असे लोक पुण्यात बहुसंख्य आहेत, त्यांच्यासाठी.

दूध फाटण्याची कारणं दोन. ताज्या आल्यात दुधातली प्रथिनं तोडणारं एक विकर असतं. साधारण ६०-७० अंशांना ते सर्वांत जोमात असतं आणि खळखळ उकळल्यावर निकामी होतं. कोमट दुधात किंवा अर्धवट तापलेल्या चहात आलं किसून टाकलं की दूध फाटणारच. पाण्यात ४-५ मिनिटं उकळलेल्या आल्यावर दूध घातलं तर हा प्रश्न उरत नाही. "कधी फाटतं, कधी नाही" याचा उलगडा बहुधा इथेच आहे: घाईच्या दिवशी आलं कमी उकळलं जातं.

दुसरं कारण गूळ. गुळात थोडी आम्लता आणि क्षार असतात, शिवाय ढेपेगणिक फरक पडतो. दूध घातल्यावर गूळ टाकून उकळी आणली की चहा नासतो. गॅस बंद करून, मिनिटभर थांबून गूळ घाला आणि पुन्हा गॅसवर ठेवू नका. त्याहून खात्रीचं म्हणजे कपात चमचाभर चिरलेला गूळ ठेवायचा आणि वरून चहा गाळायचा. दूध शिळं असेल तर मात्र यातलं काहीच वाचवणार नाही.

प्रमाण: २ कपांना पाणी ३०० मिली, दूध १०० मिली, चहा पावडर १ सपाट चमचा. दूध आधी वेगळं तापवून घ्या. यात तुळस घालू नये असं माझं मत आहे, दुधात तिचा उग्र वास येतो. गवती चहा, आलं, वेलदोडा एवढंच बरं. लिंबू अर्थातच नाही.

काष्टौषधी
सामानाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून.

गवती चहाच्या जुड्या मंडईत मिळतात. टोकं तपकिरी झालेली जुडी घेऊ नका. पात बोटांत चुरगाळल्यावर लिंबासारखा वास लगेच आला पाहिजे. जुडीला खालचा पांढरट बुंधा असेल तर तो कापून टाकू नका, त्यात वास भरपूर असतो. पातीची कड धारदार असते, उलट्या दिशेने हात फिरवलात तर बोट कापेल. उरलेली जुडी कात्रीने बोटभर तुकडे करून सावलीत वाळवा. उन्हात वाळवली की पिवळी पडते आणि कडब्यासारखा वास येतो.

ज्येष्ठमध, पिंपळी, सुंठ रविवार पेठेतल्या काष्टौषधीच्या दुकानांतून अख्खी घ्या, पूड नको. ज्येष्ठमधाची कांडी मोडली की आत पिवळी आणि धाग्याधाग्यांची दिसते, चावल्यावर गोड लागते. बारीक भोकं असतील आणि पुडीच्या तळाशी भुसा दिसला तर किडकी आहे, परत करा.

दालचिनी रोज घालणार असाल तर जाड, खडबडीत, एकाच सालीची घेऊ नका, ती कॅसिया. तिच्यात कूमारिन जास्त असतं आणि रोज भरपूर पोटात गेलं तर यकृताला त्रास होऊ शकतो. कागदासारखे पातळ पापुद्रे एकात एक गुंडाळलेली, बोटांनी चुरा होणारी सिलोनची बरी.

ताज्या आल्याऐवजी सुंठ घालायची तर १ इंचाला पाव चमचा पुरते. आलं वाळताना त्यातल्या तिखट द्रव्याचं आणखी तिखट द्रव्य होतं, त्यामुळे "आलं तेवढीच सुंठ" या हिशेबाने घातलीत तर जीभ भाजेल.

खलबत्ता
पापुद्र्यांच्या दालचिनीबद्दल +१. तुळशीची एक भर: द्वादशीला तुळस तोडत नाहीत अशा घरात आदल्या दिवशी पानं तोडून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावीत. फ्रिजमध्ये फार गार जागी ठेवलीत तर काळी पडतात.

घोटभर
बाळाचा आणि सासऱ्यांचा प्रश्न तसाच राहिला की राव.

१० महिन्यांच्या बाळाला यातलं काहीही नको, आणि मध तर अजिबात नको, बोटाला लावून चाटवायलासुद्धा. मधात बोटुलिझमच्या जंतूंची बीजं असू शकतात. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ती रुजू शकतात. मध उकळून ती मरत नाहीत. सर्दी झाली तर बाळाला डॉक्टरांकडे न्या.

सासऱ्यांच्या कपातून ज्येष्ठमध काढा. त्यातल्या ग्लायसिरायझिनमुळे शरीरात मीठ-पाणी साठतं आणि पोटॅशियम कमी होतं, म्हणजे रक्तदाब वाढतो. ते लघवीची गोळी घेत असतील तर आणखीच वाईट. गवती चहा, थोडं आलं, तुळस हे साधं पेय दिवसातून एक कप, तेही डॉक्टरांच्या कानावर घालून. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आल्याबद्दलही विचारा. गरोदर बाईला ज्येष्ठमध आणि अडुळसा दोन्ही नको.

पित्ताचा त्रास असणाऱ्यांनी मिरी-लवंग वगळून त्याजागी अर्धा चमचा धने आणि अर्धा चमचा बडीशेप ठेचून घालावी, आणि रिकाम्या पोटी पिऊ नये. ३ दिवसांच्या वर ताप, धाप लागणं, छातीत दुखणं असेल तर मात्र भांडं बाजूला ठेवून दवाखाना गाठा.

कोथरूडकर
सगळ्यांचे आभार. आज फोडलेली मिरी आणि शेवटी तुळस असं केलं, कडवटपणा नाही. ज्येष्ठमध घातल्यावर गूळ कमी करायचा का? आणि थर्मासचं राहिलं.

काष्टौषधी
हो, निम्मा करा. ग्लायसिरायझिन साखरेपेक्षा ३० ते ५० पट गोड असतं, आणि ती गोडी मागाहून येऊन जिभेवर रेंगाळते. पहिल्या घोटाला कमी गोड वाटेल, लगेच गूळ वाढवू नका.

खलबत्ता
थर्मासमध्ये बिनदुधाचाच न्या. आधी थर्मास उकळत्या पाण्याने ५ मिनिटं तापवून ते पाणी ओता. मग पूर्ण गाळलेलं पेय भरा, पान किंवा आल्याचा तुकडा आत राहिला की दुपारपर्यंत कडू होतं. मध किंवा लिंबू कपात ओतल्यावर, पिण्याइतकं निवल्यावर. दुधाचा चहा भरलात तर झाकणाच्या रबरात वास बसतो, तो रिंग काढून धुतल्याशिवाय जात नाही.