मदत हवी आहे : भिंतीतील कपाटात कपड्यांना येणारी बुरशी

रत्नागिरीजवळ आमचे जांभ्या दगडाचे जुने घर असून त्यातील कपाट पश्चिमेच्या, म्हणजे थेट पावसाचा मारा झेलणाऱ्या भिंतीत बांधलेले आहे. जुलैपासून सुती कपड्यांवर पांढरी बुरशी धरते आणि आईच्या रेशमी लुगड्यांवर डाग पडू लागले आहेत, ज्याचे मला फार वाईट वाटते. छप्पर गळत नाही. ओल भिंतीतूनच झिरपते.

कडुलिंबाचा पाला व डांबराच्या गोळ्या ठेवून पाहिल्या, परंतु त्यांनी कसर दूर राहते, ओल नव्हे. ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराईडचे डबे उपयोगी पडले, मात्र ते आठवड्यातच पाण्याने भरतात. वीज वारंवार जात असल्याने यंत्र चालवणे शक्य नाही, आईला दमा असल्याने उग्र वासाचे काही चालत नाही आणि भिंतीचे बाहेरून काम पावसाळा संपल्याशिवाय होणार नाही.

शेजारी न विरवलेला कळीचा चुना मडक्यात भरून ठेवण्यास सुचवतात. पण पाणी लागल्यास तो तापतो, म्हणून धीर होत नाही. लाकडी कपाटात, कपड्यांजवळ तो सुरक्षितपणे कोणी वापरला आहे का, आणि असल्यास किती प्रमाणात व किती दिवसांनी बदलावा?