अंगणात ‘स्टेला डॅलस’ दाखवायचाय: १९२५ चा की १९३७ चा?

प्रश्न: जळगावजवळच्या गावात बचत गटाच्या बायांसाठी पडदा लावतोय, मे महिन्यात. मूकपट घ्यावा की बोलपट?

उत्तर: ताई, दिग्दर्शक किंग व्हिडरचा १९३७ चा बोलपट घ्या, बार्बरा स्टॅनविक ही नटी असलेला. १०६ मिनिटं. हेन्री किंगचा १९२५ चा मूकपटही फार सुंदर, पण त्यात पडद्यावर येणाऱ्या इंग्रजी संवादाच्या पाट्या वाचून दाखवायला माणूस लागेल. साडेसातच्या आधी लावू नका, उजेडात पडदा फिका पडतो.

उत्तर: प्रोजेक्टरवर चित्राचं रुंदी-उंचीचं प्रमाण ४:३ ठेवा. १६:९ ला चेहरे आडवे ताणले जातात, आणि इथं तर सगळं चेहऱ्यावरच आहे. मराठी सबटायटलची फाईल यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये सेव्ह करा, नाहीतर अक्षरांऐवजी चौकोन येतात.

उत्तर: भाऊ बरोबर सांगताहेत. रेल्वेच्या प्रसंगात सबटायटल जराही मागेपुढे नको. मायलेकी आपापल्या बर्थवर जाग्या, गाडीतल्या पोरी मायची टिंगल करतात ती दोघींच्या कानावर पडते, आणि माय झोपेचं सोंग घेते. त्यानंतरच ती लेकीला बापाकडे धाडायचं ठरवते. शेवटी पावसात, खिडकीबाहेर, रुमाल दातात धरून ती लेकीचं लग्न पाहते. तिथं मध्ये समजावून सांगू नका. बायांना कळतं.