ऑटो मोड चालू, तरी जेवणानंतर २८० आणि मग ६०?

प्रश्न: इन्सुलिन पंप ऑटो मोडमध्ये (सेन्सरची साखर बघून पंप आपणहून इन्सुलिन कमी-जास्त करतो) असूनही जेवणानंतर साखर २८० वर जाते, तीन तासांनी ६० वर कोसळते. असं का?

उत्तर: बोलस (जेवणासाठीचा इन्सुलिनचा डोस) उशिरा देताय का? साखर चढताच पंप आपणहून इन्सुलिन वाढवतो. वर तुमचा पूर्ण बोलस पडला की डोस जास्त होतो. जेवणाआधी १०-१५ मिनिटं द्या. जेवण सुरू होऊन अर्धा तास उलटला असेल तर पंपात सहसा निम्मेच कार्ब (कर्बोदकं) नोंदवतात.

उत्तर: आणि ६० ला आधी ५-१० ग्रॅम ग्लुकोज घेऊन बघा, बेसल (पंपातून सतत थोडं थोडं जाणारं इन्सुलिन) तोवर थांबलेलं असतं. १५ मिनिटांनी बोटातून तपासा.

उत्तर: २५० च्या वर अडकून करेक्शननेही (साखर उतरवायच्या जादा डोसनेही) हलत नसेल तर कॅन्युला (त्वचेखालची बारीक नळी) दुमडलेली असू शकते. कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात वाढणारी आम्लं) तपासा, पेनने इन्सुलिन घ्या, सेट (कॅन्युला आणि तिची नळी) बदला. त्याच सेटमधून बोलस देत बसू नका, प्लीज! पेनचा डोस पंपाला कळत नाही, म्हणून काही तास ऑटो मोड बंद.