तीच मागणी रोज करायची, की एकदा मागून आभार मानत राहायचे?

शिलोह
उपवास-प्रार्थनेत हल्ली बरेचदा ऐकू येते: मागणी एकदाच करा, पुढे फक्त आभार माना, पुन्हा मागितलेत तर पहिल्यांदा विश्वास नव्हताच. आधार बायबलमधल्या मार्क ११:२४चा: प्रार्थनेत जे मागाल ते मिळालेच आहे असा विश्वास धरा. मला ही शिकवण चुकीची वाटते. लूक १८ मध्ये येशूने सांगितलेल्या दाखल्यातली विधवा देवाला न भिणाऱ्या, अन्यायी न्यायाधीशाकडे एकच गाऱ्हाणे घेऊन वारंवार जाते. दाखला कशासाठी, ते लूकने पहिल्याच वचनात सांगितले आहे: सर्वदा प्रार्थना करावी, खचून जाऊ नये. आणि शेवटी येशू विचारतो, मनुष्याचा पुत्र येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर विश्वास आढळेल काय? दार ठोठावत राहणे, यालाच तो विश्वास म्हणतो आहे.

एबेनेजर
शिलोहदादा, तो न्यायाधीश देवाची प्रतिमा नव्हे. असला माणूससुद्धा न्याय देतो, मग देव किती अधिक देईल, असा तो मुद्दा आहे. कटकट करून बापाला नमवायचे नसते. मत्तय ६:८ म्हणते, मागण्याआधीच त्याला तुमची गरज ठाऊक आहे. २१ दिवस, ४० दिवस असे आकडे लावले की प्रार्थनेचा सौदा होतो.

शिलोह
आकड्यांबद्दल सहमत. पण मत्तय ६ मध्ये मनाई व्यर्थ बडबडीला आहे. त्याच शुभवर्तमानात, २६:४४ला, गेथशेमाने बागेत येशू तिसऱ्यांदा तेच शब्द बोलून प्रार्थना करतो. एलीया संदेष्ट्याचे पाहा. १ राजे १८:१ला देवाने पाऊस पाडीन असे आधीच सांगितले होते. तरी कर्मेल डोंगरावर तो गुडघ्यांत तोंड घालून प्रार्थनेला बसतो आणि चाकराला सात वेळा समुद्राकडे पाहायला धाडतो. सातव्या खेपेला दिसतो तळहाताएवढा ढग. वचन हातात असूनही सात खेपा! 'एकदाच मागा' हे इथे कसे बसवणार?

वसईकर
कॅथलिक बाजूने थोडे. नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. तिचे मूळ प्रेषितांची कृत्ये १ मध्ये आहे: येशूच्या स्वर्गारोहणानंतर पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या दिवसापर्यंत, शिष्य एकचित्ताने प्रार्थनेत होते. मुंबईत माहीमच्या चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना होते. अनेक जण सलग नऊ बुधवार येतात. बिघडते कुठे? एक बुधवार चुकला की सगळे फुकट गेले असे वाटू लागते तिथे. नऊ ही संख्या आपल्याला टिकवण्यासाठी आहे, देवाला बांधण्यासाठी नाही.

मार्था
मला वाटते खरी अडचण वेगळीच आहे. लोक खचतात ते मागणी मोघम असते म्हणून. 'कुटुंबाला आशीर्वाद दे' याचे उत्तर आले हे ओळखणार कसे? साधी वही घ्या, चार रकाने पाडा: तारीख, मागणी एका वाक्यात, तिला आधार देणारे वचन, उत्तर. आठवड्याला सातच मागण्या, रोज एक. तीस नावांची यादी पंधरा दिवसांत वाचनच होऊन बसते. वीस मिनिटांतली पहिली पाच वचनाला, दहा मागणीला, उरलेली पाच गप्प बसायला. महिनाअखेरीस मागची पाने चाळा. शब्द बदलत गेलेले दिसतील: 'नवऱ्याला बदल'च्या जागी 'मला त्याच्याशी नीट बोलता येऊ दे'. हा बदल एकदाच मागणाऱ्याला कधी दिसत नाही. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरने १८३६ मध्ये अनाथगृह सुरू केले. पैसे माणसांकडे न मागता प्रार्थनेत मागितले आणि देणग्यांची नोंद तारखेनिशी ठेवली. आपल्याकडे केडगावला पंडिता रमाबाईंबरोबर जानेवारी १९०५ मध्ये सुमारे ७० जणी रोज प्रार्थनेला बसू लागल्या. जूनपर्यंत ती संख्या पाचशेवर गेली.

एबेनेजर
वहीचे पटले, आणि एलीयासमोर माझा मुद्दा थोडा ढिला पडतो हेही मान्य. पण थांबायचे कधी? प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारे एक दुखणे, दूर व्हावा म्हणून तीनदा विनवणी केली. 'माझी कृपा तुला पुरे आहे' हे उत्तर आले. दावीद राजा आजारी बाळासाठी सात दिवस उपाशी जमिनीवर पडून राहिला. बाळ गेल्याचे कळताच उठला, अंघोळ केली, मंदिरात जाऊन नमन केले, मग जेवला. चिकाटीची शिकवण देणारे हे अध्याय वगळतात, आणि मग आजाऱ्याच्या उशाशी बसून 'तुझा विश्वास कमी पडला' म्हणतात. कोणी कोणी गोळ्याही बंद करायला लावतात.

मार्था
तसे म्हणणारा चूकच. पौलाचा विश्वास कमी नव्हता. औषध चालू ठेवून मागा. पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलेच ना. आणि चौथ्या रकान्यात 'नाही' हेही उत्तर लिहायचे असते, तारखेसकट. फक्त ते आपण थकलो म्हणून लिहायचे नाही. दावीद बाळ जिवंत असेपर्यंत उठला नव्हता.