लाईट गेली की सर्व्हरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बदलतोय, नावाने कसा गाठायचा?

निपाणी_छपाई
छापखान्याचं ऑफिस आहे. विंडोज १० आणि ११ चे सात पीसी, उबुंटूवर सांबा (विंडोजला फाइली दाखवणारा प्रोग्राम) टाकलेला एक फाइल सर्व्हर, दोन नेटवर्क प्रिंटर. फायबरच्या डब्यातून केबल आमच्या वायफाय राउटरच्या वॅन पोर्टला (इंटरनेट आत येतं तो), तिथून खालच्या स्विचला. वरच्या मजल्यावरचे तीन डीटीपी पीसी मात्र थेट फायबरच्या डब्यात लावलेत. लाईट जाऊन आली की सर्व्हर कधी १९२.१६८.०.१०३ तर कधी १०७ वर. पीसीवरच्या होस्ट्स फाइलमध्ये (नाव आणि आयपीची यादी) लिहिलेलं लगेच जुनं होतंय. खालून \\डीटीपी-सर्व्हर उघडतं, वरून नाव टाका नाहीतर आयपी टाका, दिसेनाच झालाय. खाली पिंग (पोचतंय का बघायची कमांड) नावाने चालतं, पण एनएसलुकअप (नावाचा आयपी विचारायची कमांड) म्हणतंय असं नावच नाही. सगळ्यांना हाताने स्टॅटिक, म्हणजे कायमचा ठरलेला, आयपी देऊ काय?

उद्यमबाग_लॅन
स्टॅटिकचं नंतर बघू. वरच्या पीसीवर आयपीकॉन्फिग कमांड मारा, गेटवे (बाहेर जायची वाट, म्हणजे राउटरचा पत्ता) बहुतेक १९२.१६८.१.१ येईल आणि खाली १९२.१६८.०.१. म्हणजे एका ऑफिसात दोन नेटवर्कं झालीत. वरचे पीसी तुमच्या राउटरच्या वॅनच्या बाहेर उभे आहेत, त्यांना आत शिरायला वाटच नाही. उलट दिशेला, खालून वर, पिंग जाईल. म्हणूनच हा घोळ पटकन लक्षात येत नाही.

फायबरच्या डब्यात आता एकच केबल ठेवा, तुमच्या राउटरची. खालच्या स्विचमधून एक कॅट-६ केबल वर न्या, तिथे पाच पोर्टचा स्विच लावून तिन्ही पीसी त्यावर घ्या. १०० मीटरच्या आत केबल असली की झालं. वर आधीच वायफाय राउटर पडून असेल तर तोही स्विच म्हणून चालतो, पण त्याचा डीएचसीपी (आपोआप आयपी वाटायची सोय) बंद करून आणि केबल लॅन पोर्टला लावूनच. डीएचसीपी देणारे दोघे एका तारेवर आले की आज एकाचा आयपी, उद्या दुसऱ्याचा.

आता आयपी का बदलतो ते. स्वस्त राउटर कोणाला कुठला पत्ता दिला ती यादी रॅममध्येच ठेवतात. लाईट गेली की यादी कोरी. परत आल्यावर मोबाइल, प्रिंटर, पीसी सगळे एकदम पत्ता मागतात आणि सर्व्हर उबुंटू चालू होईपर्यंत मागे राहतो. तोवर त्याचा पत्ता दुसऱ्याला गेलेला असतो. यावर उपाय म्हणजे राउटरमध्ये अॅड्रेस रिझर्व्हेशन, त्या यंत्राला कायम तोच पत्ता राखून ठेवायचा. सर्व्हर आणि दोन प्रिंटर, एवढ्यांचंच करा. बाकीच्यांना कोणी शोधत नाही, त्यांचा पत्ता बदलला तर बदलू दे. केबल आणि वायफायचे मॅक (रिझर्व्हेशनला लागणारे नेटवर्क कार्डाचे नंबर) वेगळे असतात, जे वापरता त्याचाच घ्या. हाताने स्टॅटिक द्यायचाच असेल तर डीएचसीपीच्या रेंजबाहेरचा द्या. रेंज १०० ते १९९ असेल तर २० वगैरे.

प्रिंटरला विंडोजने डब्ल्यूएसडी पोर्ट (प्रिंटर आपोआप शोधणारा) लावला असेल तर तो काढून ठरलेल्या आयपीवर जाणारा स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट करा.

खानापूर_रूटशेल
वरचं सगळं बरोबर, पण त्याने पत्ता स्थिर झाला, नावाचं अजून बाकी आहे. एनएसलुकअप फक्त डीएनएसला (नावावरून आयपी सांगणाऱ्या सर्व्हरला) विचारतं. पिंग मात्र तिथे नाही मिळालं तर त्याच नेटवर्कात ओरडून विचारतं. तुमच्याकडे ओरडण्यावरच काम चाललंय, आणि ती ओरड राउटर ओलांडत नाही.

सगळ्यात कमी खटपट: सर्व्हरवर अवाही (आपलं नाव नेटवर्कात सांगणारा प्रोग्राम) चालू ठेवा, फायरवॉलमध्ये यूडीपी ५३५३ पोर्ट उघडा आणि \\डीटीपी-सर्व्हर.लोकल असं वापरा. विंडोज १० आणि ११ ला हे वेगळं काही न टाकता कळतं. पत्ता बदलला तरी सर्व्हर स्वतःच नवा सांगतो.

पक्कं हवं असेल तर जो पत्ता वाटतो त्यालाच नावं सांभाळू द्या. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरमध्ये टाकायचं मोफत सॉफ्टवेअर) बसत असेल तर त्यातलं डीएनएसमास्क दोन्ही करतं. पीसी पत्ता मागताना आपलं नाव सांगतो, ते लगेच डीएनएसमध्ये जातं. डोमेन 'लोकल' ठेवू नका, ते अवाहीचं आहे. 'होम.आर्पा' अशा आतल्या नावांसाठीच राखलेलं आहे.

इथे दोन ठिकाणी हमखास अडतं. पीसीला दुसरा डीएनएस म्हणून ८.८.८.८ (गूगलचा) दिलेला असतो. पहिला बंद पडला तरच दुसरा, असं लोकांना वाटतं. पण पहिल्याला उत्तर द्यायला जरा उशीर झाला तरी विंडोज दुसऱ्याला विचारतं, आणि ८.८.८.८ ला तुमचा सर्व्हर कुठून माहीत असणार? पीसींना राउटरचाच एक डीएनएस द्या, ८.८.८.८ राउटरने पुढे विचारायचा म्हणून राउटरमध्ये घाला. दुसरं आयपीव्ही६ (आयपीचा नवा प्रकार). त्या बाजूने इंटरनेट कंपनीचा डीएनएस पीसीपर्यंत पोचतो आणि नाव कधी लागतं, कधी लागत नाही. आयपीकॉन्फिग /ऑल मध्ये डीएनएसच्या ओळी नीट वाचा.

निपाणी_छपाई
केबल वर नेली, रिझर्व्हेशन केलं, अवाही चालू आहे. वरचे दोन पीसी लागले. तिसरा नावाने जुन्या १०३ वरच जातोय. आणि मालकांच्या वायफाय लॅपटॉपवरून काहीच नाही.

उद्यमबाग_लॅन
तिसऱ्यावर होस्ट्समधली जुनी ओळ राहिली असणार. ती सगळ्यात आधी वाचली जाते. नोटपॅड अॅडमिन म्हणून उघडून ओळ काढा, मग लक्षात राहिलेली जुनी नावं पुसायला आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस. लॅपटॉप गेस्ट वायफायवर आहे काय बघा, गेस्टमधून लॅनला जाऊ देत नाहीत.

खानापूर_रूटशेल
मुख्य वायफायवर असूनही नाही लागलं तर राउटरमध्ये एपी आयसोलेशन (वायफायवरच्यांना एकमेकांपासून तोडणारी सेटिंग) बंद आहे ना ते बघा. आणि पुढे पीसींना नावं देताना १५ अक्षरांच्या आत, फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मधली आडवी रेघ. कन्नड-मराठी नाव किंवा अंडरस्कोअर टाकलात तर विंडोज घेईलही, पण डीएनएसमध्ये अडेल.