जपानी वर्गातील मौन आणि परदेशी शिक्षक

प्रश्न: जपानमधील एका सरकारी शाळेत मी सहायक इंग्रजी शिक्षिका आहे. प्रश्न विचारला की विद्यार्थी शेजाऱ्याशी कुजबुजतात आणि मग गप्पच राहतात. हा अनादर समजावा का?

उत्तर १: मुळीच नाही. सर्वांदेखत चुकणे तेथे अनेकांना फार लाजिरवाणे वाटते, म्हणून शेजाऱ्याला विचारून आधी खात्री करून घेतली जाते. जोडीने चर्चा करू द्या, मग उत्तर मागा.

उत्तर २: सहमत आहे, परंतु सगळा दोष संस्कृतीच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. १९८७ मध्ये सुरू झालेल्या जेट योजनेत (परदेशी तरुणांना जपानी शाळांत नेमणारी सरकारी योजना) परदेशी शिक्षक हा जपानी शिक्षकाचा सहायक असतो, गुणदान सहसा त्याच्या हाती नसते, आणि प्रवेशपरीक्षांचा भर दीर्घकाळ वाचन-व्याकरणावर राहिल्याने संभाषणाचा तास मुलांना अभ्यासाबाहेरचा वाटतो. मुख्य शिक्षकांसोबत बसून धडा आखावा.