मदत हवी आहे: टॅक्स क्रेडिटची जादा रक्कम यूसीतून कापली जात आहे (इंग्लंड)

मिडलंड्सकर
नमस्कार. एका मराठी कुटुंबाचे कागद समोर आहेत. नवरा-बायको दोघे नोकरी करणारे, एक मूल. 20 जानेवारी 2025 ला युनिव्हर्सल क्रेडिटचा (यूसी, सरकारी मदत) अर्ज केला, तेव्हा टॅक्स क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मिळणारी जुनी सरकारी मदत) बंद झाले. 4 ऑगस्टच्या अंतिम निर्णयात 2024-25 साठी 1,910 पौंड जास्त दिल्याचे आले. मग टीसी1131 पत्र (कर्ज यूसी देणाऱ्या डीडब्ल्यूपी खात्याकडे गेल्याचे), आणि आता यूसीतून दरमहा 94.21 पौंड कपात.

पाळणाघराचा खर्च 2 सप्टेंबर 2024 पासून आठवड्याला 160 वरून 60 पौंडांवर आला. 7 ऑक्टोबरला एचएमआरसीला (टॅक्स क्रेडिट देणारे कर खाते) फोनवर कळवले. 18 नोव्हेंबरच्या अवॉर्ड नोटिशीत (मंजूर रकमेचा हिशेब सांगणारे पत्र) 160 च होते, म्हणून 9 डिसेंबरला पुन्हा फोन. रक्कम शेवटपर्यंत तीच राहिली. दोघांचे पगारही वाढले होते. आज 14 सप्टेंबर. अपील करायचे का, आणि कोणाकडे?

हिशेबनीस
अपील हा शब्द आधी बाजूला ठेवा, घोळ तिथेच होतो. प्रश्न दोन आहेत. आकडा बरोबर आहे का? आणि आकडा बरोबर असला तरी तो वसूल करावा का? पहिल्यासाठी 'मँडेटरी रीकन्सिडरेशन', म्हणजे फेरविचार. त्याची मुदत निर्णयापासून 30 दिवस, आणि तिथे हरलात तर ट्रायब्युनल (स्वतंत्र न्यायाधिकरण), म्हणजे अपील. दुसऱ्यासाठी टीसी846 फॉर्म (वसुलीवर हरकत घेण्याचा), मुदत 3 महिने, आणि त्याला ट्रायब्युनल नाही. 'कळवले होते तरी पैसे येत राहिले' हे कारण फेरविचारात लिहिले की उत्तर येते, 'आकडा बरोबर आहे'. आणि ते खरेही असते! तोवर टीसी846 ची मुदत उलटून गेलेली असते.

1,910 चे तुकडे करा. चाइल्डकेअर घटक (टॅक्स क्रेडिटमधला पाळणाघराचा भाग) खर्चाच्या 70 टक्के: 160 चे 112, 60 चे 42. फरक आठवड्याला 70, म्हणजे दिवसाला 10 पौंड. खर्च कमी झाल्याचा परिणाम 4 आठवड्यांनी धरतात, म्हणजे 30 सप्टेंबरपासून. 7 ऑक्टोबरच्या फोननंतर बदल लागू करायला एचएमआरसीला 30 दिवस, म्हणजे 6 नोव्हेंबरपर्यंत. त्या 38 दिवसांचे 380 पौंड फेडावेच लागतील. 7 नोव्हेंबर ते 19 जानेवारी हे 74 दिवस म्हणजे 740 पौंड. टीसी846 याच 740 साठी भरा. बाकी 790 पगारवाढीचे दिसतात.

खिडकी_क्रमांक_3
740 चा दावा 9 डिसेंबरच्या फोनमुळे भक्कम होतो. नोटीस हाती आल्यावर ती 30 दिवसांत तपासणे आणि चूक सांगणे ही घेणाऱ्याची जबाबदारी. बहुतेक दावे इथेच पडतात: पहिला फोन केलेला असतो, पण नोटीस ड्रॉवरमध्ये न उघडता पडलेली असते. यांनी 21 दिवसांत सांगितले.

फॉर्मवर तारखा ओळीने लिहा: कधी कळवले, काय सांगितले, नोटीस कधी आली, कोणता आकडा चुकीचा होता, परत कधी फोन केला. भावना नकोत, आणि 'आम्हाला परवडत नाही' हे तर मुळीच नको, तो मुद्दा इथे बघतच नाहीत. पुरावा म्हणून फोनचे बिल जोडा, कॉलची वेळ आणि मिनिटे दिसतात. शिवाय एचएमआरसीकडे स्वतःच्या माहितीची मागणी करा, सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट. फी नाही, उत्तर साधारण महिन्यात यायला हवे. त्यात कॉलच्या नोंदी मागा. नोंदींची वाट बघत मात्र बसू नका: 3 महिने 4 नोव्हेंबरला भरतात. फॉर्म आधी पाठवा, नोंदी मागाहून.

कर्ज डीडब्ल्यूपीकडे गेले तरी टीसी846 एचएमआरसीकडेच जातो. डीडब्ल्यूपीला फोन करून वाद घालण्यात दिवस जातील.

हिशेबनीस
आता 790. मागच्या वर्षापेक्षा 2,500 पौंडांपर्यंतची वाढ धरत नाहीत, त्यावरच्या प्रत्येक पौंडामागे 41 पेन्स कमी होतात. गोम अशी की वर्षाच्या मध्येच यूसीत गेल्यावर पूर्ण वर्षाचा पगार बघत नाहीत. 6 एप्रिल 2024 ते 19 जानेवारी 2025 या 289 दिवसांची कमाई घेतात, 289 ने भागतात, 365 ने गुणतात. डिसेंबरमध्ये 1,000 पौंड बोनस मिळाला असेल तर हिशेबात तो 1,262 होतो. अन्यायकारक वाटेल, पण नियम तसाच आहे. चूक सापडते ती दुसरीकडे: नोकरीतले पेन्शनचे हप्ते उत्पन्नातून वजा व्हायला हवेत. दोघांच्या पगाराच्या स्लिपा घेऊन त्याच 289 दिवसांची बेरीज करा. ती निर्णयातल्या आकड्याशी जुळत नसेल तरच फेरविचार. 30 दिवस 3 सप्टेंबरला संपले, पण सबळ कारण दिले तर 13 महिन्यांपर्यंत उशिराचा अर्ज घेता येतो. नुसते 'माहीत नव्हते' पुरेल असे धरून चालू नका.

मिडलंड्सकर
धन्यवाद, स्लिपा मागवतो. टीसी846 पाठवल्यावर कपात थांबेल का? महिन्याला 94 फार होतात.

खिडकी_क्रमांक_3
नाही. वाद चालू असताना वसुली थांबत नाही, जिंकल्यास परत मिळते. 94.21 म्हणजे 2025-26 च्या जोडप्याच्या यूसीच्या मूळ भत्त्याचे, 628.10 चे 15 टक्के. 30 एप्रिल 2025 पूर्वी ही मर्यादा 25 टक्के होती. म्हणजे आत्ता कमाल कपात चालू आहे. ती कमी करून घ्यायला वर्क कोच (यूसीचा नेमून दिलेला अधिकारी) नाही, डीडब्ल्यूपीचा डेट मॅनेजमेंट विभाग. फोनआधी महिन्याचा जमाखर्च कागदावर मांडा: भाडे, कौन्सिल टॅक्स, वीज-गॅस, प्रवास, पाळणाघर. 'किती परवडेल' असे विचारतील, तेव्हा ठाम आकडा सांगा. 'बघा काहीतरी' म्हणालात तर तेही बघतीलच!

यूसी बंद झाले तर मात्र सावध. फेडीची व्यवस्था ठरवली नाही तर डीडब्ल्यूपी कोर्टात न जाता मालकाला पत्र पाठवून पगारातून कापू शकते. मग दर हातात येणाऱ्या पगारावर ठरतो: महिना 1,615 ते 2,240 पौंडांना 15 टक्के, त्यावर 20. त्यापेक्षा आधी स्वतःहून हप्ता ठरवलेला बरा.

परतीचे_तिकीट
एक शंका. त्या काळात दोघांपैकी कोणी भारतात होते का? टॅक्स क्रेडिटमध्ये परदेशी मुक्काम 8 आठवडे चालायचा, घरातल्याचे आजारपण किंवा मृत्यू असेल तर 12. तारखा ओलांडल्या असतील तर फॉर्म भरण्याआधी पासपोर्टचे शिक्के बघा, नाहीतर 740 मागताना दुसराच हिशेब उघडेल. यूसीत तर साधारण एकच महिना.

मिडलंड्सकर
ऑक्टोबरमध्ये बायको 3 आठवडे सांगलीला होती, बाकी कोणी नाही. टीसी846 नामंजूर झाला तर?

हिशेबनीस
3 आठवड्यांनी काही बिघडत नाही. नामंजूर झाल्यास नवी माहिती असेल तर 30 दिवसांत एकदा पुन्हा बघायला सांगता येते. कॉलच्या नोंदी उशिरा आल्या तर त्या इथे कामी येतात. त्यानंतर एचएमआरसीकडे रीतसर तक्रार, मग ॲडज्युडिकेटर (एचएमआरसीविरुद्धच्या तक्रारी बघणारा स्वतंत्र अधिकारी), आणि शेवटी खासदारामार्फत पार्लमेंटरी ओम्बड्समन (लोकपाल). तिघांकडेही तीच तारखांची यादी लागते, म्हणून फॉर्मची प्रत आणि पोस्टाची पावती जपून ठेवा.